हरायला आता वेळ आहे

वर्तमानपत्रात बुद्धिबळपटूचे छायाचित्र छापून येते, तेव्हा त्याचे दोन्ही तळवे बहुधा कपाळाला टेकलेले असतात. कोपरे टेबलावर, भुवया आक्रसलेल्या आणि नजर अशी, की समोर पट नसून घरातल्या कर्त्या माणसाचा एक्स-रे ठेवला आहे. सामान्य वाचकाचा त्यामुळे असा ग्रह होतो, की हा खेळ फार त्रासाचा असून माणसे तो निरुपायाने खेळत असावीत. आमच्या चौकडीचे छायाचित्र कुणी काढले तर हा ग्रह दूर व्हायला मदत होईल. त्यात एकाचा हात चिवड्यात असेल, दुसरा डाव सोडून रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी मेथीचा भाव करत असेल, तिसरा न विचारता सल्ला देत असेल आणि चौथा, ज्याचा वजीर नुकताच गेला आहे, तो मोठ्याने हसत असेल.

चौघेही निवृत्त. एक पोस्टमास्तर, एक डॉक्टर, हायस्कुलात इतिहास शिकवलेले एक सर आणि बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजलेला मी. मुक्काम सांगली. आता सांगलीत राहून बुद्धिबळ इतके वाईट खेळायचे, याला धाडस लागते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली इथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि या गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणू लागले. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे ही नावे ज्या गावाने अभिमानाने मिरवली, तिथे पावसाळ्यात गळती लागावी तसा आमचा उंट रोज हकनाक गळतो. पण पंढरीत राहणारा प्रत्येक जण काही ज्ञानोबा-तुकोबा नसतो. कुणी बुक्का विकतो, कुणी चपला सांभाळतो. आम्ही चपला सांभाळणाऱ्यांपैकी. कळस आम्हालाही दिसतो.

हा खेळ मला दिला आजोबांनी. ते देशी पद्धतीने खेळत. त्या खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा असे. किल्लेकोटाची भानगड नव्हती. दोन गोष्टी मात्र आजोबा फार गंभीरपणे सांगत. पहिली अशी, की सर्वांत मानाची मात प्याद्याची. वजिराने मारलेला राजा म्हणजे कलेक्टरने पकडलेला चोर, त्यात काय कौतुक. शिपायाने पकडला पाहिजे. आणि दुसरी बुर्जीची. समोरच्याचे सगळे सैन्य कापून त्याचा राजा एकटा उरवला, तर तो पूर्ण विजय मानत नसत. म्हणजे जिंकायचे असेल तर समोरच्याचे निदान एखादे प्यादे जिवंत ठेवण्याची काळजी आपणच घ्यायची! आंतरराष्ट्रीय नियमांत ही तरतूद नाही. मला मात्र ती अजूनही त्या नियमांपेक्षा शहाणी वाटते.

१९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांची लढत झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. प्यादे दोन घरे टाकता येते हे तेव्हाच्या थोरल्या मुलांकडून कळले आणि आजोबांचा खेळ एका सुट्टीत जुना झाला. पुढे वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींचा काळ आला. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि पहिली दहा वर्षे अजिंक्यपद या तिघींच्या घराबाहेर गेलेच नाही. आमच्या घरात बुद्धिबळ हा पुरुषांचा खेळ आहे असे म्हणणारे एक काका होते. त्यांचा तो मुद्दा या बहिणींनी परस्पर निकालात काढला.

मी १९८४ साली बँकेत लागलो. बँकेतल्या माणसाचे सामान फार वाढू नये, कारण दर तीन-चार वर्षांनी ते ट्रकात चढायचे असते. माझ्या सामानात घडीचा लाकडी पट कायम असे. नव्या गावी गेले की पहिले काही महिने कुटुंब मागे, मुलांची शाळा मागे, आणि आपण एका खोलीत स्टोव्ह आणि कंदिलासह. अशा वेळी चहाच्या टपरीवर एक प्रश्न विचारायचा: 'इथं बुद्धिबळ कोण खेळतं?' प्रश्न वाया गेलेला मला आठवत नाही. कुठे शिंपी निघे, कुठे दवाखान्यातला कंपाउंडर, एका ठिकाणी तर एस.टी.चा कंट्रोलर. प्रत्येक गावात बुद्धिबळ खेळणारा एक तरी माणूस असतो आणि तो दुसऱ्याची वाट पाहत असतो.

अशाच एका तालुक्याच्या गावी एक अडत दुकानदार भेटले. नाव सांगत नाही, शेठ म्हणू. शेठ पट्टीचे खेळाडू. गावातल्या तलाठ्याला आणि कंपाउंडरला ते दहा मिनिटांत गुंडाळत. मात्र माझ्याशी बसले की हरत. तेही असे सरळ नव्हे. झुंज देत, घाम पुसत, 'साहेब, आज वाचत नाही बघा' असे म्हणत हरत. दुसऱ्याच आठवड्यात मला त्यांच्या हातावरून उमगले. त्यांचा उजवा हात आधी बरोबर त्या योग्य मोहऱ्याकडे जाई, वाटेत क्षणभर थबके, आणि मग शेजारचे भलतेच मोहरे उचली. जाता जाता सांगायचे म्हणजे, शेठांच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देण्याचा प्रस्ताव त्या वेळी माझ्या टेबलावर होता.

मी काही बोललो नाही. बोलून तरी काय बोलणार? 'शेठ, नीट खेळा, नाही तर मंजुरी अवघड आहे' असे म्हटले असते, तर तीही एक प्रकारची लाचच झाली असती. प्रस्ताव मंजूर झाला तो गोदामातल्या मालाच्या आणि कागदपत्रांच्या जोरावर. शेठ तरीही हरतच राहिले, कारण मर्यादेचे दरवर्षी नूतनीकरण असते. तीन वर्षे मी त्या गावात अजिंक्य होतो. मग माझ्या बदलीचा हुकूम आला. त्या संध्याकाळी शेठ खोलीवर आले, पट मांडला आणि मला ओळीने तीन डाव हरवले. तिसरा तर वीस-बावीस खेळ्यांत. उठताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, 'साहेब, तीन वर्षं लई जड गेली बघा.' त्या माणसाइतका आनंदाने घामाघूम झालेला दुसरा खेळाडू मी पाहिलेला नाही.

मला तेव्हा हसू आले होते. पण नंतर, विशेषतः निवृत्तीनंतर, त्या वाक्याचा दुसरा अर्थ दिसू लागला. तीन वर्षे शेठांना खेळायला मिळाले नव्हते. आणि मलाही नव्हते. खुर्चीवर बसलेल्या माणसाला फार गोष्टी फुकट मिळतात. खरी हार काही मिळत नाही.

माझी निवृत्ती २०२० च्या मे महिन्यातली. टाळेबंदी चालू. निरोप समारंभ म्हणजे मास्क लावलेली पाच माणसे आणि न कापलेला केक. घरात बसून काय करणार, म्हणून पोस्टमास्तरांनी आणि मी टेलिफोनवरून डाव सुरू केले. पट त्यांच्या घरी एक, माझ्या घरी एक. जगभरचे लोक चौकोनांना अक्षर आणि आकडा लावून खेळ्या सांगतात. पोस्टमास्तरांना ते मंजूर नाही. 'राजाकडचा घोडा, जरा पुढं, खिडकीच्या अंगाला' अशी त्यांची खेळी. आता खिडकी त्यांच्या घरी डावीकडे, माझ्या घरी उजवीकडे. पाऊण तासानंतर मी त्यांना मात झाल्याचे कळवले आणि त्यांनी त्याच सुमारास मला. दोन्ही पट खरे होते. आंतरशाखा हिशेबांचा ताळमेळ लावण्यात मी उमेदीची वर्षे घालवली, पण त्या डावाचा ताळमेळ मला आजवर लागलेला नाही.

निर्बंध उठले तशी चौकडी सरांच्या व्हरांड्यात जमू लागली. इथले नियम जागतिक संघटनेला मानवणारे नाहीत. हात लावलेले मोहरे हलवलेच पाहिजे हा जगाचा कायदा. आमच्याकडे प्रत्येकाला डावात एक खेळी परत घेता येते, मात्र चहा येईपर्यंतच. त्यामुळे वहिनींनी चहा लवकर आणावा की उशिरा, यावर डावाचा निकाल लागलेला आहे. पट पोस्टमास्तरांचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्यांच्या घरात शिरले, तेव्हा हा पट भिजून फुगला आणि एक काळे प्यादे गेले ते गेलेच. त्याच्या जागी डॉक्टरांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे झाकण दिले. तेव्हापासून सात प्यादी आणि एक झाकण असे काळ्याचे पायदळ आहे.

आणि सरांचे समालोचन! छत्तीस वर्षे त्यांनी नववी-दहावीला इतिहास शिकवला आणि त्यांतला एक धडाही व्हरांड्याबाहेर ठेवला नाही. मोहरे बळी गेले की पानिपत. राजा कोपऱ्यातून निसटला की आग्र्याहून सुटका. डॉक्टरांचा उंट अडकला, की 'सिद्दी जौहरचा वेढा पडलाय डॉक्टर, पावसाळी रात्र बघा आणि निघा.' खेळी करण्यापूर्वी ते जेवढे बोलत, त्यापेक्षा जास्त खेळी झाल्यावर बोलत. डॉक्टर वैतागून म्हणत, 'सर, तास संपला.' त्यावर सरांचे उत्तर ठरलेले: 'पुढचा ऑफ आहे.'

मधल्या काळात देशात बुद्धिबळाला केवढे दिवस आले! २०२४ च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली. त्याच डिसेंबरात सिंगापूरला अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. एकोणीस वर्षांची पोर! त्या दिवशी आमच्या व्हरांड्यात पेढे वाटले गेले, जणू चौघांनी मिळून तिला शिकवले होते. पण खरे सांगायचे तर आम्हाला सर्वांत जवळचा वाटला तो सिंगापूरचा शेवटचा, चौदावा डाव. बरोबरीकडे निघालेल्या त्या डावात जगज्जेत्या डिंग लिरेनने पंचावन्नाव्या खेळीला हत्ती नको त्या घरात ठेवला आणि सगळे संपले. त्यानंतर आठवडाभर डॉक्टर हत्ती गमावला की मानेला झटका देऊन म्हणत, 'डिंग.'

माझी नात पुण्यात असते. वय नऊ. आठवड्यातून चार दिवस तिचा बुद्धिबळाचा वर्ग असतो. दिवाळीत आली तेव्हा तिने विचारले, 'आजोबा, तुमचं रेटिंग किती?' मी म्हटले, 'बँकेत असताना बरं होतं.' तिने मग मला समजावले, की २०२४ च्या मार्चपासून जागतिक यादीची पायरीच १४०० वर नेली आहे. त्याखाली यादीत नावच नाही. म्हणजे मी तळघरातही नाही, पायाच्या खड्ड्यात आहे. मग तिने आमचा एक जुना डाव मोबाइलवर यंत्रापुढे घातला. सर ज्या घोड्याच्या बलिदानावर दोन वर्षे व्याख्यान देत होते, त्या खेळीला यंत्राने निमिषार्धात दोन लाल प्रश्नचिन्हे दिली. १९९७ साली यंत्राने कास्पारोव्हला हरवले तेव्हा आमच्या शाखेत संगणक यायचे होते आणि हे यंत्र आपल्या नोकऱ्या खाणार म्हणून सगळे धास्तावले होते. ते आजोबांचे घोडेही खाईल, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही.

मी नातीच्या स्पर्धेलाही जाऊन आलो. हॉलमध्ये शांतता, पण बाहेर आईबाप. एक मुलगा डाव हरून बाहेर आला, आठ वर्षांचा असेल. तो रडला नाही. त्याने आधी वडिलांच्या तोंडाकडे पाहिले आणि मग रडला. माझे असे म्हणणे नाही की मुलांनी आमच्यासारखे खेळावे. आमच्यासारखे खेळून कुणी बाटुमीला जात नाही. त्याला पहाटे उठावे लागते, पदरमोड करावी लागते, आईबापांना रेल्वेच्या डब्यांत रात्री काढाव्या लागतात. पण त्या मुलाने ज्या क्रमाने पाहिले आणि रडला, तो क्रम मला आवडला नाही. नातीच्या वडिलांना, म्हणजे माझ्या चिरंजिवांना, मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, 'बाबा, आता तसं नसतं.' असो.

सरांकडे वळायला हवे. २०२३ च्या जानेवारीत एका पहाटे सरांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. जीव वाचला. हात-पाय हळूहळू थोडे सावरले. बोलणे मात्र गेले. ऐकलेले कळे, माणसे ओळखत, पण ओठांवर शब्द येत नसे. आलाच तर भलताच येई आणि तो भलता आहे हे त्यांना समजे, हे सर्वांत वाईट. डॉक्टरांनी आम्हाला सांगितले, की मेंदूच्या डाव्या बाजूला इजा आहे, बोलण्याची जागा तिथेच असते. 'आणि बुद्धिबळाची?' पोस्टमास्तरांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, 'ते पट मांडल्याशिवाय कळणार नाही.'

दोन महिने आम्ही व्हरांड्याकडे फिरकलो, तरी पट नेला नाही. भेटीला जायचे, हवापाण्याचे बोलायचे, आणि सर भिंतीकडे पाहत बसायचे. अखेर वहिनींचाच फोन आला. 'तुम्ही नुसते येऊन बसू नका हो. ते जास्त थकतात. येताना ते घेऊन या.' ते म्हणजे काय, हे सांगावे लागले नाही.

सर डाव्या हाताने खेळले. हात थरथरत होता, पण घोडा अडीच घरेच गेला. किल्लेकोट करताना त्यांनी आधी राजा हलवला, मग हत्ती. क्रम चुकला नाही. आम्ही तिघेही श्वास रोखून बघत होतो, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखे. समोर पोस्टमास्तर होते. पंधराएक खेळ्या झाल्या आणि पोस्टमास्तरांनी आपला वजीर उचलून सरांच्या प्याद्याच्या तोंडी ठेवला. नजरचूक नव्हती. मी शेठांसमोर तीन वर्षे काढलेला माणूस. हात वाटेत कुठे थबकला ते मला दिसले.

सरांनी वजीर मारला नाही. त्यांनी बराच वेळ पटाकडे पाहिले, मग पोस्टमास्तरांच्या तोंडाकडे. मग डाव्या हाताने तो वजीर उचलला, पूर्वीच्या घरात परत ठेवला आणि बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकले. चहा अजून आलेला नव्हता.

पोस्टमास्तर उठून आत पाणी प्यायला गेले. परत येऊन त्यांनी नीट खेळी केली आणि अर्ध्या तासात सरांना मात दिली. त्यानंतर सर ओळीने अकरा डाव हरले. वहिनी म्हणाल्या, की त्या दिवसापासून त्यांना रात्री झोप लागू लागली. माझा यात कुठलाही वैद्यकीय दावा नाही. डॉक्टर चौकडीतच आहेत आणि तेही करत नाहीत.

सरांचे काही शब्द आता परत आले आहेत. वाक्ये नाहीत, शब्द. 'चहा' आला, नातवाचे नाव आले. 'पानिपत' फार लवकर आला, आणि तो ते माझ्या प्रत्येक खेळीला वापरतात. शह द्यायचा असला की अजूनही बोटाने दोनदा ठोकतात. ताल इतका ठरलेला, की स्वयंपाकघरातून वहिनींना कुणाचा राजा संकटात आहे ते कळते.

आमच्या डावांची नोंद पोस्टमास्तर एका जुन्या वहीत ठेवतात, पोस्टातली सवय. गेल्या महिन्यापासून त्या वहीत एक नोंद अडकून पडली आहे. सरांनी मला हरवले, त्याबद्दल वाद नाही. माझा राजा कोपऱ्यात कोंडला होता, सरांनी एक काळे प्यादे एक घर पुढे सरकवले आणि दोनदा ठोकले. मात. ते प्यादे म्हणजे बाटलीचे झाकण होते. आजोबांच्या देशी नियमांची गोष्ट मी पूर्वी चौकडीला सांगितलेली होती, आणि ती सरांच्या लक्षात होती. त्यांनी झाकणावर बोट ठेवले, मग वहीवर. प्याद्याची मात म्हणून वेगळी नोंद करा, हा त्याचा सरळ अर्थ. पोस्टमास्तर ऐकायला तयार नाहीत. त्यांचे म्हणणे, झाकणाला प्यादे म्हणून खेळू दिले ही सवलत होती, त्याला मानाची मात कशी देणार? डॉक्टर सरांच्या बाजूने आहेत, कारण झाकण त्यांच्या दवाखान्यातले. माझे मत विचारले जात नाही; हरलेला पक्ष हितसंबंधी असतो. काल वहिनींनी चहा ठेवताना वहीत डोकावून पाहिले. त्या ओळीपुढे पोस्टमास्तरांनी शिसपेन्सिलीने लिहिले आहे: 'निर्णय प्रलंबित.'